डाएटिशियनची इंटर्नशिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे आणि दरवर्षी नव्या इंटर्नना बरोबर घेऊन वॉर्डात फिरते. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मनात साधारण तेच प्रश्न असतात. काही जण विचारतात, बरेच जण संकोचून गप्प राहतात. दोघांसाठीही हे लिहिलंय. परवान्याचे नियम, तास, परीक्षा देशागणिक बदलतात, त्यामुळे भर प्रत्यक्ष कामावर ठेवला आहे. ते सगळीकडे बरंचसं सारखंच असतं.

पदवी झाली. मग वर इंटर्नशिप कशासाठी?

परीक्षेत १,८०० कॅलरींचा आहार नीट लिहून दिला की मार्क मिळतात. वॉर्डात तो आहार किचनपर्यंत बरोबर पोचावा लागतो, बरोबर पेशंटसमोर यावा लागतो आणि शेवटी त्याच्या पोटात जावा लागतो. यातली शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा निसटते, आणि ती कुठल्याही पेपरात विचारलेली नसते.

मी स्वतः इंटर्न होते तेव्हाची गोष्ट. एका आजींच्या केसशीटवर चार दिवस ‘भूक नाही’ असंच लिहिलेलं होतं. मी त्यांच्यासाठी प्रथिनांची पावडर सुचवायच्या तयारीत होते. माझ्या सिनियर म्हणाल्या, ‘आधी जेवणाच्या वेळी जाऊन येऊ.’ ट्रे आला आणि पलंगापासून हातभर लांब टेबलावर ठेवला गेला, झाकणासकट. आजींनी एकदा तिकडे पाहिलं आणि डोळे मिटले. सिनियरनी टेबल पुढे ओढलं, पाठीला उशी लावून आजींना बसतं केलं आणि विचारलं, ‘आजी, तुमची कवळी कुठाय?’ कवळी शेजारच्या खणात रुमालात गुंडाळलेली होती. ऑपरेशनच्या आधी काढून ठेवली होती, नंतर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कवळी बसवल्यावर आजींनी अर्धा ट्रे संपवला. पावडरीची चिठ्ठी मी खिशातच ठेवली.

हे शिकायला वॉर्डच लागतो.

डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट एकच ना?

नाही. बऱ्याच देशांत ‘डाएटिशियन’ हे नाव कायद्यानं राखलेलं आहे: ठरावीक शिक्षण, देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम आणि नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. ‘न्यूट्रिशनिस्ट’ या शब्दाला अनेक ठिकाणी असं कुंपण नाही. आजारी माणसाचा आहार ठरवायचा असेल, तर नोंदणीचा रस्ता धरा.

इंटर्नशिप किती काळाची असते?

आहारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं किमान अपेक्षा ठरवली आहे ती पदवी आणि देखरेखीखाली किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष काम. अनेक देश याहून बरेच जास्त तास मागतात. काही ठिकाणी ते अभ्यासक्रमातच विभागून येतात, काही ठिकाणी पदवीनंतर सलग करावे लागतात. प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: या इंटर्नशिपनंतर मी ज्या देशात काम करणार आहे तिथल्या नोंदणीला पात्र ठरेन का? हा प्रश्न शेवटच्या महिन्यात पडलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची वणवण बघवत नाही.

पैसे मिळतात का?

कुठे मानधन असतं, कुठे काहीच नसतं, कुठे उलट फी भरावी लागते. हे विचारण्यात कमीपणा नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार हे ठरवूनच रुजू व्हा. उपाशी इंटर्नकडून दुसऱ्याच्या पोषणाकडे लक्ष दिलं जात नाही.

जागा निवडताना काय बघायचं? मोठं नाव की मोठं हॉस्पिटल?

दोन्ही नंतर. आधी बघायचं ते शिकवणारं माणूस. एका सिनियरमागे किती इंटर्न आहेत? सिनियर तुमच्याबरोबर पेशंटपाशी येतात की फक्त संध्याकाळी सही करतात? डाएटिशियन डॉक्टरांच्या राउंडला हजर असतात का? तिथे आधी इंटर्नशिप केलेल्या दोघा-तिघांना गाठून एवढंच विचारा: ‘तुझी नोट कुणी वाचून दुरुस्त करायचं का?’ ‘हो, रोज’ असं उत्तर आलं तर बाकीच्या गैरसोयी सोसा.

आणि कामाची विविधता बघा. नुसत्या वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये सगळे महिने काढले, तर किडनी, आयसीयू, लहान मुलं, कॅन्सर, गिळण्याच्या तक्रारी यांतलं काहीच हाताखालून जाणार नाही. समाजात जाऊन करायचं काम आणि किचनचं व्यवस्थापन हेही त्यात असायला हवं.

मुलाखतीत काय विचारतात?

‘तुम्हाला हे क्षेत्र का आवडतं’ हे विचारतातच, आणि ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ हे उत्तर दिवसभरात सगळेच देतात. त्याऐवजी एक खरा प्रसंग सांगा. घरातल्या आजारी माणसाचं खाणं तुम्ही सांभाळलं असेल, एखाद्या किचनमध्ये उभं राहून काम केलं असेल, तर ते सांगा. एखादी केस दिली आणि उत्तर येत नसेल, तर ‘मला अमुक माहिती आधी लागेल’ असं म्हणा. मी मुलाखत घेते तेव्हा मला हेच ऐकायचं असतं.

पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय करावं लागतं?

बहुतेक ठिकाणी सुरुवात स्क्रीनिंगनं होते, म्हणजे भरती झालेल्यांपैकी कुपोषणाचा धोका कुणाला आहे हे ओळखणं. त्यासाठी ‘मस्ट’, ‘एनआरएस २००२’ अशी ठरलेली साधनं आहेत. फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात, म्हणून नवखे इंटर्न त्याला हलकं काम समजतात. मला वाटतं इंटर्नशिपमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

एक उदाहरण घ्या. बाई ५० वर्षांच्या, उंची १६० सेंटीमीटर, वजन ६० किलो. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २३.४, म्हणजे अगदी निरोगी. घाईत असलेला माणूस पुढच्या पलंगाकडे जाईल. पण तुम्ही विचारलंत आणि कळलं की चार महिन्यांपूर्वी वजन ६८ होतं आणि कमी करायचा काही प्रयत्न केलेला नव्हता. ८ किलो म्हणजे जवळजवळ १२ टक्के घट. ‘मस्ट’मध्ये तीन ते सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर त्याचे २ गुण होतात, आणि २ गुण म्हणजे जास्त धोका. फॉर्म तोच, बाई त्याच. फरक पडला तो एका प्रश्नानं.

जुनं वजन पुष्कळांना आठवत नाही. मग विचारायचं: कपडे सैल झालेत का? पट्टा पूर्वी कितव्या भोकावर बसायचा? अंगठी बोटात फिरते का? ही उत्तरं माणसं चटकन देतात आणि खरी देतात.

नोट लिहायला बसलं की काही सुचत नाही. काय करू?

चार पायऱ्यांची चौकट आता जगभर वापरतात: मूल्यमापन, पोषणविषयक निदान, उपाय, आणि त्यानंतर देखरेख. गाडी अडते ती निदानावर. इंटर्न तिथे ‘मधुमेह’ किंवा ‘कॅन्सर’ लिहून टाकतात. ते डॉक्टरांचं निदान झालं. आपलं निदान आहाराचं असतं आणि त्याचे तीन भाग असतात: प्रश्न, त्याचं कारण, पुरावा. उदाहरणार्थ: ‘तोंडावाटे अपुरा आहार, कारण गिळताना वेदना, पुरावा असा की गेले तीन दिवस ट्रेमधलं पाव अन्नच संपलं आणि महिन्यात वजन ४ किलोनं घटलं.’ कारण बरोबर सापडलं तर उपाय आपोआप समोर येतो. वेदनेवर औषध आणि मऊ, कोमट अन्न. नुसतं ‘जास्त खा’ लिहून भागत नाही.

‘आहार घेतो’, ‘बरा खातो’ असले शब्द नोटमध्ये नकोत. किती घेतला? पाव, अर्धा, पाऊण? ट्रे परत जायच्या आधी झाकण उघडून बघा आणि तेच लिहा.

किती गणितं पाठ हवीत?

थोडीच, पण झोपेतून उठवलं तरी यायला हवीत. विश्रांतीच्या ऊर्जेसाठी हॅरिस-बेनेडिक्ट हे १९१९ चं सूत्र अजून छापलेलं दिसतं. १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर आता जास्त वापरात आहे. वजनाची १० पट, अधिक सेंटीमीटरमधल्या उंचीची ६.२५ पट, वजा वयाची ५ पट. पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. वरच्या बाईंचं उत्तर येतं १,१८९ कॅलरी. पण ही नुसती पडून राहण्याची ऊर्जा झाली. हालचाल आणि आजार धरून वॉर्डात बहुतेकांसाठी किलोमागे २५ ते ३० कॅलरींचा अंदाज घेतात, म्हणजे या बाईंना १,५०० ते १,८००.

आयसीयूमध्ये दोन गोष्टी आवर्जून बघा. पहिली, प्रोपोफॉल. पेशंटला गुंगीत ठेवणारं हे पांढरं औषध तेलाच्या इमल्शनमध्ये असतं आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमधून १.१ कॅलरी जातात. तासाला २० मिलिलिटरनं दिवसभर चाललं, तर ५२८ कॅलरी झाल्या. ते न धरता फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, ठरवलं की पेशंटला गरजेपेक्षा बरंच जास्त जातं. दुसरी गोष्ट, नळीतून खरंच किती गेलं. १,५०० मिलिलिटर २० तासांत द्यायचं म्हणून तासाला ७५ लिहिलं. मध्ये तपासणीसाठी, ड्रेसिंगसाठी, अंग पुसताना मिळून पाच तास पंप बंद राहिला. पोचलं १,१२५. केसशीटवर मात्र ‘१,५०० चालू’ असंच दिसतं. पंपावरचा एकूण आकडा रोज सकाळी स्वतः वाचा.

सगळ्यात धोकादायक चूक कोणती?

उपाशी माणसाला घाईनं भरपूर देणं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटका झालेल्या, महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या कैद्यांना पोटभर खायला मिळाल्यावर त्यांच्यातले काही दगावले. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. बरेच दिवस अन्न नसलं की शरीर चरबीवर चालायला लागतं. अचानक कर्बोदकं आली की इन्सुलिन वाढतं, आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाची लय बिघडते. थायामिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, साठाही संपत आलेला असतो.

बीएमआय १६ च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त घट, दहा दिवसांहून अधिक जवळजवळ काहीच खाल्लेलं नसणं, किंवा सुरुवातीलाच या क्षारांची पातळी कमी असणं: यांतलं एकही दिसलं तरी थांबा आणि सिनियरना बोलवा. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा पेशंटला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरींनी सुरुवात करतात, फीड सुरू व्हायच्या आधी थायामिन देतात आणि रक्त तपासत हळूहळू वाढवतात. नातेवाईक कळवळून म्हणतात, ‘इतके दिवस उपाशी आहे, द्या ना जरा जास्त.’ त्यांना शांतपणे बसून समजावणं हाही उपचारच आहे.

किचनची ड्यूटी का लावतात? मी शेफ व्हायला आले नाही.

हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो आणि दरवर्षी वाईट वाटतं. तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द किचनमध्ये कुणीतरी हातानं खरा करतो. पहाटे ट्रेच्या रांगेत उभं राहिलं की कळतं, ‘कमी मीठ, मऊ, मधुमेही, दूध वर्ज्य’ अशी चार बंधनं एकाच चिठ्ठीवर आली की ट्रेवर काय उरतं. बंधनं लिहिताना मग हात आपोआप आखडतो.

अन्नाचं तापमान तिथेच शिकायचं: ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, त्यामुळे गरम ते गरम आणि थंड ते थंड ठेवावं लागतं. गिळायला त्रास असलेल्यांच्या पदार्थांची घनताही तिथेच हाताला कळते. त्यासाठी ‘इड्सी’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ० ते ७ अशा पातळ्या आहेत. १० मिलिलिटरच्या सिरिंजचं खालचं तोंड बोटानं बंद करून तिच्यात घट्ट केलेलं पेय भरायचं, मग बोट काढायचं आणि १० सेकंद मोजायचे. आत ४ ते ८ मिलिलिटर उरलं तर पातळी २, ८ च्या वर उरलं तर ३, काहीच वाहिलं नाही तर ४. मी प्रत्येक इंटर्नला हे करायला लावते आणि मग तेच पेय चमचाभर स्वतः प्यायला लावते. एकदा ते घशातून उतरवलं की ‘पेशंट पाणी पीत नाही’ ही तक्रार वेगळी ऐकू येते.

डॉक्टर माझं ऐकत नाहीत. काय करू?

बहुतेक वेळा आपण मोघम बोलतो. ‘सर, पोषणाकडे लक्ष द्यायला हवं’ याला कुणीही मान डोलावून पुढे जाईल. असं सांगून बघा: ‘सातव्या बेडचा पेशंट सहा दिवस फक्त सलाईनवर आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या दोन लिटरमधून दिवसाला ३४० कॅलरी जातात, प्रथिनं शून्य. आतड्याचं काम सुरू आहे. आज नळीतून फीड सुरू करू या का? पहिले दोन दिवस गरजेच्या निम्मं, रोज फॉस्फेट आणि पोटॅशियम बघून.’ तीस सेकंद लागतात. बहुतेक डॉक्टर तिथल्या तिथे हो म्हणतात, कारण त्यांचं अर्धं काम तुम्ही करून आणलेलं असतं. नाही म्हणाले तर कारण विचारा आणि नोटमध्ये लिहा. कधी कधी ते कारण आपल्याला माहीतच नसतं.

सिस्टरांशी मात्र पहिल्या दिवसापासून नातं जोडा. कुणी काय खाल्लं, कुणाला उलटी झाली, कुणाचे नातेवाईक गुपचूप डबा आणतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पेशंट खोटं सांगतात. खरी माहिती कशी काढायची?

माझ्या मते ‘खोटं’ हा शब्द काढून टाका. माणूस घाबरलेला असतो, किंवा त्याला खरंच आठवत नाही. ‘गोड खाता का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी: ‘काका, काल सकाळी उठल्यापासून सांगा, पहिलं काय पोटात गेलं?’ ‘सकाळी काही नाही घेत मी.’ ‘चहा-कॉफी?’ ‘ती होते दोनदा.’ ‘दूध-साखर घालून?’ ‘हो, आणि बरोबर चार बिस्किटं.’ आवाजात निवाडा नसला की माणसं सांगतात. पहिल्या फेरीत नुसती यादी, दुसऱ्या फेरीत मधल्या वेळचं आणि पेयांचं, तिसऱ्या फेरीत प्रमाण.

किडनीच्या पेशंटला मिठाबद्दल विचाराल तेव्हा ‘मिठाऐवजी काही वापरता का?’ हेही विचारा. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या पर्यायी मिठात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि वाढलेल्या पोटॅशियमचं उत्तर कधी कधी त्याच डबीत सापडतं. डायलिसिस सुरू झालेल्यांना प्रथिनांबद्दल नव्यानं समजवा. आधी ‘कमी खा’ ऐकलेलं असतं आणि आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. माणसं जुन्याच सूचनेला धरून बसतात आणि झिजत जातात.

अल्ब्युमिन कमी आहे, म्हणजे कुपोषण ना?

नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन. शरीरात दाह असला, संसर्ग असला, की ते उतरतं. ते आजाराची तीव्रता सांगतं, खाण्याबद्दल फारसं नाही. वजनातली घट, स्नायूंची झीज, प्रत्यक्ष आहार यांवर जा. कानशिलं आणि गळ्याजवळचं हाड डोळ्यांनी पाहा, हाताची पकड जोखा.

माझ्या हातून चूक झाली तर?

होईल. माझ्या हातून झाली ती सांगते. एका पेशंटचं वजन मी आधीच्या नोटवरून उतरवलं. ते मोजलेलं नव्हतं, भरतीच्या वेळी घरच्यांनी अंदाजे सांगितलेलं होतं. दोन दिवसांनी पेशंटला वजनकाट्याच्या पलंगावर घेतलं तेव्हा ११ किलोंचा फरक निघाला, आणि फीडचं सगळं गणित माझ्या आकड्यावर उभं होतं. पोटात गोळा आला. मी लगेच सिनियरना सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला, दर कमी केला, रक्त तपासायला पाठवलं. आधीची नोंद खोडली नाही. खाली तारीख-वेळ घालून दुरुस्ती लिहिली. पेशंटला काही झालं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वजनापुढे ‘मोजलेलं’, ‘सांगितलेलं’ किंवा ‘अंदाजे’ असं लिहिते आणि सूज असेल तर तेही.

लपवलेली चूक दुसऱ्या दिवशी मोठी होऊन भेटते. सांगितलेल्या चुकीबद्दल मी आजवर एकाही इंटर्नला नापास केलेलं नाही.

मरणाच्या जवळ असलेल्या पेशंटचं काय? तिथे आपण काय करायचं?

तिथे कॅलरी मोजणं थांबवायचं. मधुमेहाची, मिठाची बंधनं सैल करायची, आवडीचा घास द्यायचा, ओठ ओले ठेवायचे. घरच्यांना वाटतं, खात नाही म्हणून जातोय. त्यांना हळुवार सांगावं लागतं की शरीर मिटत चाललंय म्हणून भूक गेलीय. अशा वेळी आधी सिनियरबरोबर जा आणि नुसतं ऐका. नंतर रडू आलं तर स्टाफरूममध्ये रडा. सिनियरही रडतात.

पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं?

खिशात मावणारी वही, दोन पेनं, साधा कॅल्क्युलेटर. बंद आणि आवाज न करणारे बूट, बांधलेले केस, कापलेली नखं, अंगठ्या-बांगड्या घरी. स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली, आणि जेवणाची वेळ पाळा. शिवाय पुसून घेता येईल अशी मोजपट्टी. उभं राहता न येणाऱ्या पेशंटची उंची कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून काढता येते. वजनच करता येत नसेल तर खांदा आणि कोपराच्या मधोमध दंडाचा घेर घ्या. मोठ्या माणसात तो २३.५ सेंटीमीटरच्या आत भरला, तर बीएमआय बहुधा २० च्या खाली आहे. प्रत्येक पेशंटनंतर पट्टी पुसायची आणि हात धुवायचे.